पाणी उकळून डोंगराची उंची: जुने शास्त्रज्ञ नेमकी कशी मोजायचे? कळसूबाईवर करून बघायचं आहे

घाटवाट

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन थंडीत कळसूबाईला जायचा बेत आहे. नुसतं शिड्या चढून फोटो काढून येण्यापेक्षा एखादा जुना प्रयोग करावा म्हणतो. पुस्तकांत दोन गोष्टी कायम भेटतात: पास्कलच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी डोंगरावर नेली आणि हिमालयात सर्व्हेवाले पाणी उकळून उंची काढायचे. पुढे मात्र कोणी काही सांगत नाही.

तीन प्रश्न आहेत.
१. ही पद्धत खरंच कितपत अचूक होती? की शाळेच्या पुस्तकापुरतीच शोभेची?
२. पारा चांगला चालत असताना पाणी उकळायची वेळ का आली?
३. बारी गावातून माथ्यापर्यंत आठ-नऊशे मीटरची चढाई आहे. तेवढा फरक साध्या साहित्यात पकडता येईल का? घरी पुण्यात पातेल्यात पाणी उकळून डिजिटल थर्मामीटर बुडवला तर ९८.९ दाखवतो. हा चांगला म्हणायचा की बिघडलेला?

---

जुनी_पानं

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पुस्तकं नेमका मुद्दा गाळतात.

पास्कलने १६४७ च्या नोव्हेंबरात मेहुणा फ्लोरँ पेरिए याला पत्र लिहिलं आणि प्रयोग झाला १९ सप्टेंबर १६४८ ला. जागा फ्रान्समधलं क्लेर्माँ गाव आणि त्याच्या शेजारचा प्युय द दोम हा १४६५ मीटरचा जुना ज्वालामुखी. पेरिएने चार-चार फुटी दोन नळ्या घेतल्या. गावातल्या मठाच्या बागेत दोन्ही भरून शेजारी शेजारी उभ्या केल्या, पारा दोन्हींत सारखाच उभा राहतो हे तपासलं. पाऱ्याची उंची भरली २६ पूस साडेतीन लीन्य (जुनी फ्रेंच मापं, हिशोब खाली देतो). मग एक नळी तिथेच सोडली आणि मठातल्या शास्तँ नावाच्या पाद्र्याला सांगितलं, दिवसभर हिच्यावर नजर ठेवा. दुसरी घेऊन मंडळी वर गेली. माथ्यावर २३ पूस २ लीन्य. तिथेही एकदाच मोजून थांबला नाही: देवळाच्या आत, बाहेर, वाऱ्यात, आडोशाला, धुक्यात अशी पाच ठिकाणी फेरमोजणी केली. खाली उतरल्यावर शास्तँने सांगितलं की खालचा पारा दिवसभर हलला नाही.

माझ्या मते या प्रयोगातली सगळ्यात मोठी गोष्ट वरची नळी नाही, खालची आहे. ती नसती तर ‘तेवढ्यात हवामान बदललं असेल’ असं कोणीही म्हटलं असतं आणि पेरिएकडे उत्तर नसतं.

आता आकडे. एक पूस म्हणजे २७.०७ मिमी आणि त्याचा बारावा भाग लीन्य, म्हणजे २.२५६ मिमी. पायथा ७१२ मिमी, माथा ६२७ मिमी. त्या उंचीला आज आपण साधारण ७२५ आणि ६३७ ची अपेक्षा ठेवू. दोन्ही आकडे दहा-तेरा मिमीने कमी आहेत. त्या दिवसाचं हवामान थोडं कारण असेल, पण मुख्य संशय नळीवर जातो. पारा नळीतच उकळून घेतला नाही तर काचेला चिकटलेली हवा हळूहळू सुटून वरच्या पोकळीत जमते आणि पाऱ्याला खाली दाबते. हे टाळायला पारा नळीत उकळून भरायचा, हा आग्रह जिनिव्हाच्या द ल्युक यांनी पुढच्या शतकात धरला.

गंमत अशी की चूक दोन्ही टोकांना जवळपास सारखी असल्याने गुणोत्तरात तिचा त्रास उरत नाही. पेरिएचे आकडे आजच्या सूत्रात घाला, हवेचं सरासरी तापमान १४ अंश धरा (त्याच्याकडे तापमापक नव्हता), उत्तर येतं साधारण १०६३ मीटर. क्लेर्माँ शहर ४०० मीटरच्या आसपास आहे. वजाबाकी तुम्हीच करा.

म्हणजे शोभेची अजिबात नाही. पण ती फरक मोजणारी पद्धत आहे. एकट्या माथ्यावरच्या आकड्याला फारशी किंमत नाही.

---

मोजपट्टी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता दुसरा प्रश्न.

पाऱ्याचा बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारी तीच नळी, डोंगरावर नेणं हा स्वतंत्र धंदाच होता. जवळपास मीटरभर काच आणि आत जड पारा. चालताना पारा वर-खाली आपटतो आणि नळीचं बंद टोक फोडतो. म्हणून फोर्तँच्या बॅरोमीटरमध्ये खालच्या टाकीचा तळ कातड्याचा असतो आणि त्याखाली स्क्रू. निघण्याआधी स्क्रू फिरवून पारा वर चढवायचा, पोकळी पूर्ण भरून टाकायची, मग यंत्र उलटं करून पाठीवर घ्यायचं. जागेवर गेल्यावर सरळ टांगायचं, स्क्रू सैल करून टाकीतला पारा हस्तिदंती टोकाला जेमतेम टेकेपर्यंत आणायचा (टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं पाहिजे), हलकी टिचकी मारायची आणि मग वाचायचं. नळी तिरपी केल्यावर पारा वरच्या टोकाला ‘टक्’ असा कोरडा आवाज करून आपटला तर पोकळी शाबूत. आवाज मऊ आला तर हवा शिरली.

शिवाय पारा स्वतः तापतो. पितळी पट्टीचं प्रसरण वजा जाता अंशाला ०.०००१६३ ही दुरुस्ती उरते. ६२५ मिमी उंची आणि २० अंश तापमान असेल तर २ मिमी, म्हणजे जवळजवळ २८ मीटर. यंत्रालाच जोडलेला तापमापक वाचायला विसरलात की गेले.

उकळत्या पाण्याचं तापमान दाबाबरोबर बदलतं हे फॅरनहाइटने १७२४ मध्येच नोंदवलं होतं. डोंगरावर नेण्याजोगं नीट यंत्र १८१७ मध्ये फ्रान्सिस वॉलस्टन यांनी मांडलं आणि १८४० च्या दशकात रेन्योने वाफेच्या दाबाचे भरवशाचे तक्ते दिल्यावर ते खरं कामाचं झालं. हाच हिप्सोमीटर. वीतभर डबा, स्पिरिटचा दिवा, एक तापमापक. फुटला तर तापमापक फुटतो, आणि सुटे दोन-तीन सहज बाळगता येतात.

सर्व्हेसाठी गुपचूप तिबेटात जाणाऱ्या हिंदुस्थानी मोजणीदारांना, म्हणजे ‘पंडितांना’, तर पर्यायच नव्हता. नैनसिंह रावत १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले ते यात्रेकरू-व्यापाऱ्याच्या वेषात. मीटरभर काचेची नळी लपवणार कुठे? तापमापक मात्र पोकळ काठीत मावतो, आणि चहासाठी पाणी उकळणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार. इथे एक गैरसमज दुरुस्त करतो: ते कवड्यांत भरून पारा नेत, तो बॅरोमीटरसाठी नव्हे. लाकडी वाडग्यात तो पारा ओतला की सपाट आरसा होतो आणि त्यातल्या प्रतिबिंबावरून सेक्स्टंटने (कोन मोजायच्या यंत्राने) ताऱ्याची क्षितिजावरची उंची, म्हणजे पर्यायाने अक्षांश मिळतो. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी, ही अंतराची सोय. उंची फक्त उकळत्या पाण्यावरून.

आणि इथेच ‘जुनी_पानं’ म्हणतात तो मुद्दा परत येतो. पंडितांना खालचा शास्तँ नव्हता. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर १८४८-४९ मध्ये सिक्किममध्ये फिरत होते तेव्हा त्यांच्या नोंदींना जोड होती कलकत्त्यातल्या बॅरोमीटरच्या नोंदींची. तेही पाचशे किलोमीटर दूर, पण निदान काहीतरी होतं.

---

घाटवाट

वा, भरपूर मिळालं. म्हणजे दोन गट करतो, एक बारीत आणि एक माथ्यावर.

माझ्याकडे: छोटा गॅस स्टोव्ह, स्टीलचं पातेलं, एक डिजिटल प्रोब (०.१ पर्यंत दाखवतो), शाळेच्या प्रयोगशाळेतला ० ते ११० चा काचेचा तापमापक. हवामानाच्या ॲपवर पुण्याचा दाब १०१२ दिसतो. तक्त्यानुसार त्याला पाणी जवळपास १०० ला उकळायला हवं, माझा प्रोब ९८.९ दाखवतो, म्हणजे तो १.१ ने कमी दाखवतो असं धरून चालू का?

---

पारा_चढला

थांबा, ही दुरुस्ती लावलीत तर उलट्या दिशेने जाल.

ॲपवरचा १०१२ हा समुद्रसपाटीला आणून ठेवलेला दाब आहे. निरनिराळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामान खातं तसा देतं. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, तिथला खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. त्या दाबाला पाणी ९८.२ ला उकळतं. तुमचा प्रोब कमी दाखवत नाही, ०.७ ने जास्त दाखवतो.

त्यातही सगळा दोष प्रोबचा नसेल. तुम्ही तो पाण्यात बुडवला. पातेल्याच्या तळाचं पाणी उत्कलनबिंदूच्या वर तापतं, गुळगुळीत भांड्यात जास्तच, आणि बुडबुडा सुटला की दणका देऊन खाली येतं. म्हणून तर आकडा नाचतो. रॉयल सोसायटीच्या समितीने (कॅव्हेंडिश तिच्यात होते) १७७७ मध्येच सांगितलं होतं की तापमापकाचा वरचा स्थिरबिंदू पाण्यात नाही, वाफेत ठरवा. अडीचशे वर्षं झाली, आपण अजून पातेल्यात बुडवतोय.

काय करायचं ते सांगतो.

अर्धा लिटरचा अरुंद, उंच डबा घ्या. दुधाची छोटी किटली चालेल. पाणी १०० ते १५० मिली, तळापासून दोन-तीन सेंटिमीटर. त्यात चिनी मातीच्या कपाचे चार-पाच तुकडे टाका, म्हणजे उकळी सारखी येते. झाकणाला मधोमध भोक पाडून बुचातून तापमापक आत सोडा. तापमापकाचा फुगा पाण्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर राहिला पाहिजे, उसळणारं पाणी त्याला लागता कामा नये. झाकणालाच बाजूला दुसरं भोक, निदान पेन्सिलीएवढं. हे लहान ठेवलंत तर आत वाफ कोंडते, दाब वाढतो आणि डोंगर बुटका येतो. डब्याला बाहेरून जुनं लोकरी कापड गुंडाळा (ज्योतीपासून वर), नाहीतर माथ्यावरच्या वाऱ्यात वरची वाफ थंड होते. खऱ्या हिप्सोमीटरमध्ये याच कामासाठी दुहेरी भिंत असते: आतल्या नळीतून वाफ वर जाते, बाहेरच्या नळीतून खाली येऊन बाहेर पडते.

भोकातून वाफ जोरात यायला लागल्यावर पाच मिनिटं थांबा. मग दर मिनिटाला एक असे पाच आकडे घ्या. पाचही ०.१ च्या आत असतील तर सरासरी, नसतील तर आणखी थांबा.

काचेचा तापमापक वापरणार असाल तर दांड्याची दुरुस्ती विसरू नका. पाऱ्याचा जेवढा धागा वाफेच्या बाहेर थंडीत उभा आहे तो आखडलेला असतो. दुरुस्ती = ०.०००१६ × बाहेरचे अंश × (वाफेचं तापमान − बाहेरचं तापमान). धागा १० अंशांइतका बाहेर, वाफ ९४ आणि हवा २० असेल तर ०.१२ अंश. वाचायला क्षुल्लक, पण १ अंश म्हणजे साधारण ३०० मीटर. ०.१२ मध्ये ३५ मीटर गेले. शक्यतो दांडा आतच ठेवा, वाचण्यापुरता वर ओढा.

आता गणित. सूत्र:

उंचीतला फरक (मीटर) = १८४०० × १० च्या पायाचा लॉग (खालचा दाब ÷ वरचा दाब) × (१ + ०.००३६७ × हवेचं सरासरी तापमान)

दाब तक्त्यातून घ्या, मिमी पारा: ९४ अंशांना ६१०.९, ९५ ला ६३३.९, ९६ ला ६५७.६, ९७ ला ६८२.१, ९८ ला ७०७.३. मधले आकडे सरळ प्रमाणात काढले तरी चालतात.

समजा बारीत ९७.३ आले आणि माथ्यावर ९४.६. दाब ६८९.७ आणि ६२४.७. गुणोत्तर १.१०४, त्याचा लॉग ०.०४३०. गुणिले १८४०० म्हणजे ७९१. पायथ्याला २८ अंश आणि माथ्याला २० धरले तर सरासरी २४, कंसातला आकडा १.०८८. उत्तर ८६० मीटर. हवेचं तापमान विसरलात तर ७० मीटर तिथेच गेले. हवेतल्या बाष्पामुळे अजून पाच-सात मीटर वाढतील, मुलांसाठी ते सोडून द्या.

दोन्ही गटांना वेगळे तापमापक देणार असाल तर आदल्या दिवशी दोन्ही एकाच डब्यात, एकाच वाफेत ठेवून फरक लिहून घ्या. पेरिएने नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या, तेच हे. प्रोब ०.१ दाखवतो म्हणजे ०.१ पर्यंत खरा असतो असं नाही. स्वस्त प्रोब एक अंशानेही चुकतात, म्हणजे ३०० मीटर. पण दोघांतला फरक माहीत असेल तर ती चूक वजा होते.

---

जुनी_पानं

उत्तम. एक भर, दिवसाच्या वेळेबद्दल.

आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो. सकाळी १० च्या सुमारास आणि रात्री १० ला चढलेला, पहाटे ४ ला आणि दुपारी ४ ला उतरलेला. दख्खनमध्ये सकाळचे १० ते दुपारचे ४ यांत ३ हेक्टोपास्कल सहज पडतात. कळसूबाईच्या उंचीला १ हेक्टोपास्कल म्हणजे दहा मीटर. एकाच गटाने १० वाजता बारीत मोजून ४ वाजता माथ्यावर मोजलं तर डोंगर फुकटात ३० मीटर वाढतो, आणि हवामान तर ‘अगदी शांत’ असतं. घड्याळ जुळवून दोन्हीकडे एकाच वेळी वाचा.

वेळ कोणती? पिरेनीजमध्ये पिक द्यु मिदीवर वर्षानुवर्षं नोंदी घेणाऱ्या रामोंने दुपारी बाराचा आग्रह धरला होता. भर उन्हात दोन्ही टोकांची सरासरी मधल्या हवेपेक्षा जास्त भरते आणि उंची जास्त येते, रात्री उलट. तापमापक सावलीत आणि जमिनीपासून छातीइतका वर. तापलेल्या कातळावर ठेवून वाचलेला आकडा फेकून द्या.

जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी ३ ऑगस्ट १७८७ ला आल्प्समधल्या माँ ब्लाँवर हेच केलं. बरोबर १८ वाटाडे. त्याच वेळी जिनिव्हात सेनेबिए आणि पायथ्याच्या शामोनीत मुलगा तेओदोर अशा जोडनोंदी घेतल्या जात होत्या. उत्तर आलं २४५० त्वाज, म्हणजे ४७७५ मीटर. आज ४८०७ च्या आसपास धरतात. माथ्यावर पाणी उकळायला त्यांना अर्धा तास लागला. जिनिव्हात १५-१६ मिनिटं, समुद्रकाठी १२-१३. मुलं नक्की विचारतील: कमी तापमानाला उकळतं तर लवकर उकळायला नको का? विरळ हवेत दिवा मंद जळतो, पाणी आधीच गार असतं आणि वारा भांड्याची उष्णता नेतो. कळसूबाईवर एवढं होणार नाही, पण वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा न्या आणि गॅस हिशोबापेक्षा दुप्पट. माथ्याजवळचं गवत तोवर वाळलेलं असतं, स्टोव्ह मोकळ्या कातळावरच लावा.

जुन्या नोंदी मुलांना द्यायच्या असतील तर सावध. रेओम्यूरचे अंश (जुनी मोजपट्टी, पाणी ८० ला उकळतं) सरसकट १.२५ ने गुणून सेल्सियस करू नका. द ल्युक यांच्या मोजपट्टीत ८० अंश म्हणजे २७ पूस दाबाला उकळणारं पाणी, आपलं साधारण ९८.९. माँ ब्लाँसारख्या आकड्यात एक अंशाचा फरक इथेच पडतो.

---

कातळशिल्पी

एवढा खटाटोप कशाला? फोनमध्ये बॅरोमीटर असतो. ट्रेकिंगच्या घड्याळातही असतो. मीटरभराचा फरक दाखवतो.

---

मोजपट्टी

दाखवतो, आणि ताळा करायला जरूर न्या. दोन्ही गटांकडे एकेक ठेवा आणि निघताना बारीत शेजारी ठेवून जुळवा. फक्त ॲपमध्ये ‘उंची’ बघू नका, ती बरेचदा उपग्रहावरून येते. सेन्सरचा कच्चा दाब दाखवणारं ॲप घ्या.

पण ‘छोटं यंत्र आहे म्हणजे झालं’ हा विश्वास जुना आहे आणि तो एकदा चांगलाच महागात पडला आहे. विदीने १८४४ मध्ये ॲनेरॉइड काढला: निर्वात डबी, स्प्रिंग, काटा. पारा नाही, काच नाही. प्रवासी खूश. गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर १८८० मध्ये इक्वेडोरमधल्या चिंबोराझो डोंगरावर गेले तेव्हा त्यांनी मुद्दाम ॲनेरॉइड आणि पाऱ्याचे बॅरोमीटर दोन्ही नेले. पारा वाहायला वाटाड्या जाँ-आंत्वान कारेल. दिसलं असं की उंचीवर मुक्काम लांबला की ॲनेरॉइड पाऱ्यापेक्षा कमी कमी दाब दाखवत जातो. लगेच नाही, दिवसागणिक, आठवड्यागणिक. डबीचा धातू ताणाखाली हळूहळू सरकत राहतो. खाली आल्यावरही तो लगेच मूळ जागी येत नाही. यंत्र जितका वेळ वर, तितका डोंगर उंच! व्हिंपर यांनी १८९१ मध्ये यावर वेगळी पुस्तिकाच काढली.

उकळत्या पाण्यात ही भानगड नाही, पाणी थकत नाही. म्हणूनच ॲनेरॉइड तपासायला प्रवासी पुढे कित्येक वर्षं हिप्सोमीटर बाळगत राहिले.

---

घाटवाट

सगळ्यांचे आभार. दोन गट, दोन डबे, बारा वाजताची वेळ, आदल्या दिवशी एकाच वाफेत जुळवणी, असं ठरवलं. शेवटचा एक प्रश्न: वर पाणी संपलं आणि टाक्यातलं गढूळ पाणी वापरावं लागलं तर? की बाटलीतलं शुद्ध पाणी जपून न्यायचं?

---

पारा_चढला

टाक्यातलं बिनधास्त वापरा. अगदी मीठ टाकलंत तरी चालेल, फक्त फुगा वाफेत हवा. खारट पाणी जास्त तापमानाला उकळतं हे खरं, पण त्याची वाफ फुग्यावर येऊन गार होते आणि तिथे निव्वळ पाण्याची पातळ साय धरते. तापमापक त्या सायीचं तापमान वाचतो, खालच्या पाण्याचं नाही. सुरुवातीला झाकणाच्या भोकातून वाफेबरोबर थेंब उडताना दिसले तर पाणी जास्त झालंय, थोडं ओतून द्या. खाली आल्यावर दोन्ही तापमापक पुन्हा एकदा एकाच डब्यात ठेवा. आदल्या दिवशीचा फरक तसाच निघाला तरच मधले आकडे धरा.